गंज कोनं धुवाचा

मूल गावच्या तलावाच्या पारीवर मैनाबाई ढिवरीनचं घर. घरचा कायदा एकच: जो शेवटी जेवंल त्यानं मासोळी रांधाचा गंज घासावा. तिचा देवानंद कळते-समजते तवापासून गंज घासत आला, अन् दिसलं भांडं की धू, ही खोड त्याच्या हातातच बसली.

पुढं तो चंद्रपूरले कॉम्प्युटर शिकला, अयूबभाईच्या दुकानात लागला. २००४ साली पहिलं मोठं काम भेटलं ते मूलमधल्याच एका राईस मिलच्या धरमकाट्याचं. तिथी दोन प्रोग्राम. एक ट्रकचं वजन वाचे, दुसरा पावती छापे. वजनाचा निरोप दुसऱ्याकडं न्यायले देवानंदनं सी भाषेतली एक फुकटची लायब्ररी लावली. प्रत्येक निरोप किती जणांनी धरला, याचा आकडा ती ठेवे. धरला की एक वाढे, सोडला की एक घटे, अन् शून्य झाला की निरोप पुसून जागा मोकळी.

पण थोडे ट्रक गेले की पावतीवाला प्रोग्राम धाडकन मरे.

"देवा," अयूबभाई कपाळ पुसत म्हणाले, "शेठ बोलून राह्यला, आज चाललं नाई तं डब्बा उचला. मी जबान देऊन बसलो न बाप!"

देवानंदले कळेना. वाचून झालेला निरोप तो इमानदारीनं सोडत होता. दुपारी वैतागून घरी आला. भात-मासोळी हाणली, गंज उचलला, उरलेला रस्सा मोरीत ओतला अन् राखेनं घासाले बसला.

"अरे पोट्ट्या!" मैनाबाई ताट घेऊन मागं उभी. "मी जेवाची हावो न अजून! तू शेवटचा म्हनून कोनं सांगतलं तुले?"

देवानंदचा हात थांबला.

"माय, तो मी धरलाच नोहोता!"

"काय नोहोता धरला?"

"निरोप! लायब्ररीनं मले नुसता पाहाले देल्ला होता. धरला तिनं, अन् सोडून मी राह्यलो! तिचं सरलं नोहोतं, अन् आकडा शून्य!"

"मंग आता मी का तुह्यं डोस्कं खाऊ भातासंग?"

हे ऐकाले तो होता कुठी? राखेच्या हातानंच मिलमधी पोचला. सोडायची ओळ होतीच, तिच्याआधी धरायची ओळ टाकली. ट्रकामागून ट्रक गेले, पावत्या निघत राह्यल्या. अयूबभाईनं खुशीत भजे मागवले. देवानंदचा हात त्यांची प्लेट धुवाले गेला, अन् तसाच मागं आला.

"झालं का तुमचं, भाई?"

सांजच्याले मैनाबाईनं आधी आपलं वाढून घेतलं अन् गंज मांडीखाली दाबून जेवाले बसली.