पाय बघायची बॅटरी

जगातल्या सगळ्या हेड टॉर्चचा मला वीट आला आहे. दुकानात टांगलेल्या, खोक्यात भरलेल्या, मोबाइलवर गोल गोल फिरवून दाखवलेल्या, सगळ्यांचा. खोक्यावर एक दाढीवाला तरुण बर्फाच्या डोंगरावर उभा असतो, त्याच्या कपाळातून निघालेला झोत पार ढगात घुसतो, अन् खाली शून्यावर शून्य लावलेला कसला तरी आकडा. अरे बाप्पा, मला डोंगर नाही चढायचा. मला कांचघर मोहल्ल्यातल्या माझ्या घरात पाटावर बसून नवऱ्याच्या पायाची जखम धुवायची आहे. त्याला लागेल अशी एक साधी बॅटरी बनवायला कोणाचे हात मोडले होते?

जखम कशी झाली ते ऐका म्हणजे तुम्हालाही संताप येईल. आमच्या यांना शुगर आहे, जुनी. अन् दर अमावास्येला ग्वारीघाटावर नदीच्या दर्शनाला जायचा नेम आहे, तोही जुनाच. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची रीत अशी की चपला घाटाच्या पायरीशी नाही काढायच्या, पार वर, रिक्षातून उतरल्या उतरल्याच काढायच्या. मैयाच्या दारात चपला घालून कसं जायचं म्हणे! ज्येष्ठातलं ऊन, डांबर तव्यासारखं तापलेलं. बाकीचे लोक उड्या मारत पळत होते अन् हे आपले हात जोडून, शांतपणे, एकेक पाऊल टाकत खाली गेले. फूलवाली बाई म्हणाली, "देखो, कैसी भक्ति है बाबूजी की." कसली भक्ती! शुगरनं तळपायाच्या नसा मेल्या होत्या, यांना चटका कळतच नव्हता. घरी आले तेव्हा फरशीवर ओली पावलं उमटली. मला वाटलं नदीचं पाणी आहे. मी फडक्यानं पुसायला गेले तर ते चिकट लागलं. फोड फुटून वाहत होते, एका पायाचे तर फारच.

विजय नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं साफ करून पट्टी बांधली अन् मला समोर बसवून सांगितलं, की पट्टी सकाळ-संध्याकाळ बदला. अन् बदलताना रंग बघा. लाली वर चढताना दिसली, कुठे काळपट दिसलं, तर त्याच दिवशी या. "यांना दुखणार नाही. म्हणून दुखायची वाट बघू नका. तुम्ही डोळ्यांनी बघा. नाही तर पाय कापावा लागेल." असं स्पष्ट. मला बाई आवडल्या.

तर डोळ्यांनी बघायचं. बघू तर कशानं? आमची खोली गल्लीच्या भिंतीला चिकटलेली, भर दुपारीही दिवा लागतो. दिवा माझ्या पाठीमागे, म्हणजे माझीच सावली जखमेवर. एका हातात यांचा पाय, दुसऱ्या हातात चिमटा. मोबाइलची बॅटरी लावून तो दातांत धरून बघितला. लाळ गळायला लागली. एकदा तो सुटला अन् सरळ जखम धुतलेल्या पाण्याच्या तसराळ्यात पडला. तो मी कसा बाहेर काढला अन् कसा पुसला ते विचारू नका. त्यानंतर किती तरी दिवस फोन कानाला लावायची मला शिसारी यायची.

अन् हो, जखमेचीही किळस यायची. मी काहून लपवू? बायकोला नवऱ्याच्या पायाची किळस येऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ती पट्टी सोडवून बघावी, तो वास नाकात भरून घ्यावा अन् मग पोळीचा तुकडा मोडून दाखवावा. मी सगळं करत होते, तोंड वाकडं करून करत होते. तोंड वाकडं करायला तरी बंदी नसावी.

माझी पोट्टी विजय नगरलाच राहते. मराठी सगळी कळते, बोलायची म्हटलं की जिभेला गाठ पडते. ती म्हणाली, "मम्मी, हेड टॉर्च ले लो ना. दोनों हाथ फ्री." डोकं चालतं तिचं, माझ्यावर गेली आहे. मी म्हटलं, पेन्शनीतून पाचशेच्या आत बसेल अशी बघ. तिनं मोबाइलवर तारे मोजून मोजून एक मागवली.

खोकं उघडलं तर रॉकेलसारखा भपकारा. पट्टा कसल्या रबराचा होता देव जाणे, घाम आला की कपाळावर काळा ओघळ. बटण एकदा दाबलं की लख्ख, दुसऱ्यांदा मिणमिण, तिसऱ्यांदा लुकलुक, चौथ्यांदा आणखी वेगळी लुकलुक. बंद करायची तर या सगळ्या लुकलुकीतून जावं लागायचं. बरं, बटण कपाळावर अन् माझे हात पुवानं माखलेले. त्या हातानं कपाळाला हात लावायचा! शी! माझ्या आईनं एवढ्यासाठी मला लहानपणापासून सोवळं शिकवलं का? हे समोर पाय पसरून बसलेले, माझ्या डोक्यावर ती लुकलुक चाललेली अन् यांना हसू येऊन राहिलं होतं. आठवडा व्हायच्या आत बॅटरीनं मान टाकली. मी तिला कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं फेकलं.

मग मी कांचघरच्या बाजारातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. म्हणाला, "आंटी, ये वाली लो, दो किलोमीटर तक मारती है." मी म्हटलं, मला वीतभर अंतरावरचं बघायचं आहे. तर म्हणतो, "हओ, तो दो किलोमीटर में वो भी आ गया." शेवटी त्यानं चार-पाच नमुने पिशवीत घातले. घरी न्या, साहेबांना दाखवा, पसंत पडेल ती ठेवा. अन् मी भैताड, ती पिशवी खरंच घरी घेऊन आले.

आमच्या यांची सगळी नोकरी फॅक्टरीत गेली, तीही माल तपासायच्या खात्यात. फौजेला जाणारी वस्तू यांच्या खात्यातून पास झाल्याशिवाय दाराबाहेर जात नसे. तिथलेच रिटायर झालेले यांचे मित्र रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला. पिशवी बघताच सगळ्यांच्या अंगात पुन्हा ड्यूटी संचारली. एकेक बॅटरी बादलीत बुडवली. एकेक ओट्यावरून खाली टाकली. मग मित्र गच्चीवर चढले अन् हे खाली दारात खुर्चीवर बसून हुकूम सोडू लागले. कोणाचा झोत रेल्वे क्वार्टरच्या पलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जातो ते बघायचं. "गेला! गेला! पार टाकीवर गेला!" असा गच्चीतून आरडाओरडा. गल्लीतली पोरं जमली.

मी खालून ओरडले, "टाकीला काय झालं आहे? टाकीचा पाय सडला का?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय! हे म्हणाले, "तुला मालातलं नाही कळत. माल असाच तपासतात." ती बॅटरी कोणाच्या कपाळावर बसणार आहे, एवढं विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही. सर्वात लांब मारणारी, सर्वात जड, तिला यांनी पास केलं अन् खडूनं तिच्यावर खूणसुद्धा केली. मला ती तेव्हाच नको होती. पण यांचा चेहरा उजळला होता, कित्येक दिवसांनी. म्हटलं, ठेवा बाबा.

ती बॅटरी घसरत घसरत माझ्या नाकावर यायची. तिचा उजेड म्हणजे जखमेवर रुपयाएवढा पांढराफटक ठिपका, आजूबाजूला काळोख. अन् पांढरा तरी कसा, निळसर. त्यात यांचा पाय भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दिसायचा. जखमही तशीच, बोटंही तशीच, माझे हातही तसेच. मी म्हटलं, अहो, या उजेडात मला रंग कळून नाही राहिला. तर म्हणे, "पास झालेला माल आहे. तुझ्या चष्म्याचा नंबर बदल." मी चष्मा बदलून आणला. साबुदाणा तसाच.

एक दिवस बॅटरी चार्ज करायची राहिली. मी वैतागले अन् यांची खुर्ची ओढत ओढत दाराबाहेर उन्हात नेली. गल्ली बघते तर बघू दे. पट्टी सोडली. करंगळी जांभळासारखी झाली होती, अन् लाली घोट्याच्या वर चढली होती.

काल होती का? परवा होती का? मी दोन वेळा रोज बघत होते, अन् मला काही सांगता येईना.

रिक्षा केली, विजय नगर गाठलं. त्याच दिवशी यांची करंगळी कापली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आठवडाभर तरी चाललं असेल हे. दिसलं नाही तुम्हाला?" मी दवाखान्यातच चार्ज केलेली ती पास झालेली बॅटरी पर्समधून काढली, त्यांच्या हातात दिली अन् म्हटलं, तुम्हीच बघा याच्यात काय दिसतं ते. त्यांनी आपल्या तळहातावर उजेड टाकला, दोनदा हात उलटासुलटा केला. म्हणाल्या, "यात लाल कळतच नाही हो. पिवळसर उजेडाची घ्या, पसरट उजेडाची. अन् आता फार जपा. या वेळी बोटावर निभावलं." हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मित्र भेटायला आले. केळी आणली. बसले, हळहळले, अन् निघताना एक जण दारात मला म्हणतो, "वहिनी, तरी बॅटरी चांगली होती हो. टाकीपर्यंत कोण मारतं पाचशेत?" मला इतकी किळस त्या पुवाचीही आली नव्हती. मी केळी गाईला घातली.

टाके निघाले, हे काठी घेऊन जरा चालायला लागले, तशी मी यांना म्हटलं, चला दुकानात. आता बॅटरी तुमच्यावरच तपासून घेते. यांनी काठी उचलली. करंगळी गेल्यापासून हे माझं ऐकायला लागले होते.

दुकानात यांना स्टुलावर बसवलं. पट्टीचा पाय खालीच राहू दिला. दुसरा, फोड भरून कधीच चांगला झालेला पाय, त्याचा मोजा काढला, काउंटरवर पेपर पसरला अन् पाय वर ठेवला, गल्ल्याच्या अगदी शेजारी. दुकानदार उभाच राहिला. "अरे आंटी! ये क्या कर रही हो? लक्ष्मी का ठिकाना है!"

"लक्ष्मीलाही बघू दे," मी म्हटलं. "शटर आधा गिराओ. अंधेरा चाहिए."

"बड्डे, गिरा दे, आंटी नहीं मानेंगी," मागून एक गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणालं. अर्धं शटर खाली आलं. मी एकेक बॅटरी कपाळाला बांधून बघायला लागले. एक जड. एक निळी. एकीचा पट्टा इतका बुळबुळीत की हातात धरवेना. एकीत पुन्हा ती लुकलुक. प्रत्येक वेळी तोच साबुदाणा. दुकानदार हात जोडून म्हणत होता, आंटी, दुसरे गिऱ्हाईक पळून राहिले. पळू देत. मी म्हटलं, सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात पडली आहे ती काढ.

ती छोटीशी होती, एका सेलवर चालणारी. मोठं बटण, कोपरानंही दाबलं जाईल असं. पट्टा सुटा, धुता येण्याजोगा. किंमत त्या टाकीवाल्या बॅटरीच्या अर्धीही नाही. "ये कोई नहीं लेता आंटी," दुकानदार म्हणाला, "दूर नहीं मारती." मी ती कपाळावर बांधली. हलकी, जागची हलेना. बटण दाबलं.

पिवळसर, पसरट उजेड पडला अन् समोर पाय दिसला. माणसाचा पाय. गुलाबी नखं, हिरव्या शिरा, टाचेच्या भेगांतली माती, सगळं आपापल्या रंगाचं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत पहिली वस्तू, जिची मला घाण वाटली नाही. मी म्हटलं, "हीच. बांध." हे मान वळवून वर टांगलेल्या मोठ्या बॅटऱ्यांकडे बघत बसले होते, त्यांच्या खोक्यांवरचं वाचत.

पट्टीचा पाय घरी बघते तसाच मी हा चांगला पायही बघितला, सवयीनं, एकेक बोट वेगळं करून. अंगठ्याजवळ काही नाही. मधे काही नाही. करंगळी बाजूला सारली तर आतल्या बेचक्यात एक चीर होती. ओली, लालभडक, अन् तिची कड काळी पडलेली.

मी चिरेच्या बाजूला बोट टेकवलं. मग दाबलं. मग नख रुतेपर्यंत दाबलं.

"अहो," मी म्हटलं, "दुखून राहिलं का?"

त्यांनी वरच्या खोक्यावरची नजर काढली, माझ्याकडे बघितलं, मग काउंटरवरच्या आपल्या पायाकडे.

"काहून? हात लावला का तू?"