गप्प बसायचा कोर्स

आमच्या लष्कर भागातल्या निम्म्या बायकांच्या पाठी माझ्या हाताखालून गेल्यावर मला कळलं, की आपल्याला मालिश येत नाही. पार्लरची मालकीण म्हणाली, ॲडव्हान्स कोर्स करा, नाहीतर कामावर ठेवता येणार नाही. मग काय, सकाळी काम आणि दुपारी हरिशंकरपुरमला क्लास. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या सुनेपेक्षा लहान. घरच्या आपल्यासारख्याच मराठी, पण बोलणार हिंदीत.

पहिलाच नियम, "आंटी, मसाज के टाइम बोलना नहीं है. क्लायंट को शांती चाहिए."

बघा, म्हणजे इतकी वर्षं मी बायकांची शांती घालवत होते आणि त्या बिचाऱ्या त्यासाठी मला परत परत बोलावत होत्या!

परीक्षेला गिऱ्हाईक आपलं आपण आणायचं होतं. मी छावनी भागातल्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक वहिनींना नेलं. तोंड मिटून पाठीवर हात ठेवला, तर त्या घाबरल्याच.

"काकू, गप्प का? गाठबीठ लागली का हाताला?"

मी मान हलवली. त्या पालथ्या, त्यांना दिसणार कशी? त्यांचे खांदे लाकडासारखे कडक झाले.

मॅडम म्हणाल्या, "आंटी, ये तो रिलॅक्स ही नहीं हो रहीं."

काम हातचं जाणार असं दिसल्यावर मी विचारलं, "वहिनी, नणंदेनं तुमची पैठणी परत केली का हो?"

"कुठली करतेय!" वहिनींनी पहिल्यापासून सांगायला घेतलं आणि खांदे लोण्यासारखे मऊ पडले.

मॅडमनी शांततेचे गुण कापून पास केलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आंटी, फिर वो साडी मिली क्या?"

मी ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम.