आधी डबा, मग नारळ

कारखान्याच्या कुठल्याही खात्यात शिरल्या की मॅडम आधी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचलून आत डोकावायच्या. समोर मॅनेजर हात जोडून उभा असला तरी नमस्कार नंतर. "माणूस काय, गोड बोलेल," त्या म्हणायच्या, "डबा खोटं बोलत नाय."

बोईसरला कापड रंगवायच्या आमच्या कारखान्यात त्या पर्यावरण अधिकारी होत्या आणि मी स्टोअर्सला. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे डबेवाल्या मॅडम. त्यांना ते ठाऊक होतं. माझ्या टेबलाखालचा डबा तर त्यांचा फार लाडका. एकदा त्यातून एका बाजूनं कोरा असलेला कागद त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि माझ्यासमोर धरला. "यानं काय घोडं मारलंय तुमचं?" तेव्हापासून मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा बांधून ठेवू लागलो. बायकोनं सांगून लागल्या नाहीत त्या सवयी या बाईंनी मला लावल्या.

तुमच्याही ऑफिसात शिरताना भिंतीवर पर्यावरण धोरण टांगलेलं असेल. काचेची चौकट, खाली मोठ्या साहेबांची सही. आमचं आधी इंग्रजीत होतं, मग हेड ऑफिसनं मराठी करून पाठवलं. त्यात 'नैसर्गिक संसाधनांचा इष्टतम विनियोग' असं काहीतरी होतं. मॅडमनी ते रंगखात्यात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. रंगखात्याचे मिस्त्री सफाळ्याचे, जुने आणि कुणाला न जुमानणारे. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, "मंत्र चांगला हाय मॅडम. परसाद कधी वाटणार?"

सगळ्यात जास्त मॅडमच हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुलावर चढून खात्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं : आधी झाडू, मग फडकं, शेवटी पाणी. "आपलं धोरण एवढंच," त्या म्हणाल्या. "वर लिहिलेलं साहेबांना राहू दे."

यामागचं कारण साधं होतं. जमिनीवर सांडलेला रंग कोरडा झाडून, पुसून घेतला की धुवायला पाणी थोडंच लागतं. ते पाणी खात्याच्या मागच्या नालीतून शुद्धीकरणाच्या टाकीत जायचं. पण मागची नाली अरुंद, पाणी तुंबायचं. पुढच्या दारात पावसाळी गटाराची ऐसपैस जाळी होती. पाणी तिकडं ढकललं की झटक्यात काम. फक्त ते गटार नाल्याला मिळतं आणि नाला खाडीला. मॅडम दिवसातून कितीदा तरी त्या जाळीपाशी येऊन उभ्या राहायच्या. हळूहळू माणसांना वळण लागलं, मिस्त्रींनाही.

अडलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रांची पूजा. यंत्राला हार घालायचा तर त्याला आधी अंघोळ नको? माणसं वर्षभर नसतील तेवढ्या उत्साहानं पाईप घेऊन तुटून पडायची. मॅडमनी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पूजेच्या सकाळी पुढच्या दारातून लालभडक पाणी जाळीत कोसळू लागलं. त्या धावत आल्या तर पाईप धरलेला कामगार निरागसपणे म्हणाला, "मॅडम, भगवान का काम है. पानी ही तो है."

दोन दिवसांनी कँटीनमध्ये त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. डबा उघडला, पण जेवेनात. त्या राहायच्या चिंचणीला. घराच्या मागं वाडी, चिकू आणि झेंडू. निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले छोटे मासे, विकणारी एक कोळीण गल्लीत शिरली की पहिली टोपली यांच्या ओट्यावर उतरवायची. त्या दिवशी सकाळी तिनं टोपली डोक्यावरून उतरवलीच नाही. रस्त्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "खाडीच्या तोंडाला पाणी लाल हाय. तू त्याच कंपनीतली ना गं? मंग तू तिथं करते काय?"

मॅडमनी डबा तसाच बंद केला. "पुढच्या खंडेनवमीला परत असं झालं तर मी घरी बसणार. हिला तोंड दाखवता येत नसेल तर ही नोकरी मला नको." तेच त्या साहेबांनाही जाऊन सांगून आल्या. साहेब म्हणाले, "बघू." साहेबांचं सगळंच बघू असतं.

पुढची खंडेनवमी जवळ आली तशी कारखान्यात कुजबुज सुरू झाली. मॅडम नळाला कुलूप घालणार, पूजा बंद पाडणार. मिस्त्री तर सांगतच सुटले होते, "देवाच्या मधे आल्या तर मी सरळ घरी जातो." म्हणजे एकीकडे या घरी बसणार, दुसरीकडे ते घरी जाणार. मला दोघंही हवे होते. पूजेच्या सकाळी मला चहासुद्धा गोड लागला नाही.

मॅडम काठापदराची साडी नेसून आल्या. एका हातात वाडीतल्या झेंडूची पिशवी, दुसऱ्यात रांगोळीचा डबा. कुणाशी न बोलता रंगखात्याच्या पुढच्या दारात फतकल मारून बसल्या आणि जाळीभोवती रांगोळी काढू लागल्या. जाळीच्या पुढ्यात बटबटीत डोळ्यांची निवटी, कडेनं पाकळ्या. मिस्त्री पाईप खांद्यावर टाकून आले आणि थबकले.

"मॅडम, हे काय?"

"रांगोळी. आज देव यायचाय ना? दारात काहीतरी नको?"

"आणि धुवायचं पाणी?"

"पाणी मागनं जाईल. दारातनं देव येऊ दे."

मिस्त्रींनी रांगोळीकडं बघून पाईप खांद्यावरून उतरवला. देवाच्या दिवशी दारातल्या रांगोळीवर पाणी सोडणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय. शेवटी ते मागं वळून ओरडले, "पाईप गुंडाळा रे! झाडू काढा, फडकी आणा!"

मॅडमनी पदर खोचला आणि पहिलं फडकं स्वतः घेतलं. पूजेला उशीर झाला, भजी गार झाली, सगळे कुरकुरले. जाळी मात्र कोरडी राहिली. हार घालून झाले, मिस्त्रींनी नारळ हातात घेतला, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा." त्या डब्यांकडं गेल्या, झाकणं उचलली. एकात रंगानं माखलेल्या चिंध्या, दुसऱ्यात नुसते फुलांचे देठ. "हां. आता फोडा."

कोळणीनं टोपली उतरवली का, हे मी नंतर विचारलं. "उतरवली," त्या म्हणाल्या. "वर चार शिव्या पण दिल्या." इतक्या खुशीत शिव्या सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात जेवण पत्रावळीवर होतं, कारण प्लास्टिकच्या ताटल्या मागवायची कुणाची छाती नव्हती. नवे अधिकारी चांगले आहेत, कामसू आहेत, पण डब्यात डोकावत नाहीत. मला करमत नाही, हे सरळ सांगून टाकतो.

खंडेनवमीला मी धास्तावूनच रंगखात्याकडं गेलो. त्यांचं एवढं सगळं त्यांच्याबरोबरच घरी गेलं असेल तर? पुढच्या दारात मिस्त्री गुडघे धरत खाली बसले होते आणि जाळीभोवती रांगोळी ओढत होते.

"वांगं छान जमलंय," मी म्हणालो.

"निवटी हाय ती. डोळे काढू द्या, मग बोला."

आत फडकी फिरत होती. पूजा मांडून झाल्यावर मी रांगोळीचा फोटो काढून मॅडमना पाठवला. मिस्त्री नारळ घेऊन उभेच. "काय म्हणतात?" उत्तर व्हॉइस मेसेजनं आलं. मी ते सगळ्यांना ऐकवलं : "निवटी बरी हाय. डबा कुठं हाय?"

खात्यात हशा पिकला. मी जाऊन दोन्ही डब्यांचे फोटो काढले आणि पाठवले. सगळी माणसं माझ्या हातातल्या फोनभोवती गोळा झाली.

"हां," चिंचणीहून आवाज आला. "आता फोडा."

मिस्त्रींनी नारळ फोडला. त्याचं पाणी खाडीत गेलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण ते जाळीकडं ओघळायला लागलं तसे मिस्त्री चटकन वाकले आणि त्यांनी ते ओंजळीत धरलं.