पेंढ्याचा कप आणि मुरबाडचे पाहुणे

आधी हातातला चहा खाली ठेवा. हा किस्सा माझ्याच अब्रूचा आहे, आणि तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे!

त्याचं असं झालं, मुरबाडहून वैशाली आणि तिचे बाबा सापगावला आमच्या घरी मला बघायला येणार होते. मी एका प्रयोगशाळेत कामाला. भाताच्या पेंढ्यातून साखर काढायची आणि तिचं प्लास्टिक बनवायचं. खनिज तेल नको, विषारी काही नको! त्यासाठी लागणारा उत्प्रेरकसुद्धा आम्हीच तयार केलेला. पहिले कप नुकतेच निघाले होते. म्हटलं, छाप पाडायची तर यातूनच चहा द्यायचा.

आई म्हणाली, "अरे, घरात स्टीलचे पेले हायत ना? पाव्हन्यांवर कसले प्रयोग करतोस?"

"तुला यातलं कळत नाय गो, आई!" आणि मी ते पेले चक्क माळ्यावर टाकले.

कपाची चाचणी झाली होती बरं का. थंड पाणी, सरबत, ताक, सगळं झेललं होतं बेट्याने. गरम चहा? छे! तो आम्ही प्रयोगशाळेत स्टीलच्या ग्लासातून पितो!

पाहुणे आले, चहा आला. वैशालीच्या बाबांनी कप उचलला. कप वाकला.

"काका, जरा हलक्या हाताने धरा."

त्यांनी पकड सैल केली, तर कप आणखीच बसला. घाबरून मी भाषण सुरू केलं, "हा साध्या प्लास्टिकसारखा वर्षानुवर्षं राहत नाही, काका..."

"अहो, वर्षानुवर्षं नको, चहा संपेपर्यंत तरी राहू दे!"

तेवढ्यात कपाने मान टाकली आणि चहा त्यांच्या पांढऱ्या पँटवर! मी नुसता बघत उभा. माझा धाकटा भाऊ सुऱ्या आसनगावला रिक्षा चालवतो. त्याने धावत येऊन पाण्याची अख्खी कळशी काकांवर ओतली. वर म्हणतो, "घाबरू नका काका, आंघोळीचे पैसे नाय घेत आमी!" वैशाली जी हसत सुटली! त्यांना रिक्षाने मुरबाडला सोडूनही तोच आला. मी तोवर कप कुठून वाकला ते तपासत बसलो होतो.

आठवड्याने निरोप आला. स्थळ पसंत आहे. सुऱ्याचं!

साखरपुड्यात बाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, तो तुमचा उत्प्रेरक नेमकं करतो काय?"

मीही ऐटीत सांगितलं, "दुसऱ्या दोघांचं काम झटपट करून देतो, आणि शेवटी स्वतः होता तसाच उरतो."

वैशाली म्हणाली, "मग तो बनवता कशाला, भाऊजी? तुमी हायत ना!"