संपाच्या दिवशी बाबा ड्युटीवर

आमच्या संपाची पहिली सकाळ वाया घालवली ती माझ्या बाबांनी. दुसऱ्या कुणाचा दोष नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेटबाहेर चहाला चार अटेंडंट जमले की किस्से सुरू होतात आणि प्रत्येक किश्शात दोष साहेबांवर ढकलून सगळे मोकळे होतात. मागणी आमची एकच होती, प्रत्येक वॉर्डात प्रत्येक पाळीला दोन माणसं. किस्से मात्र संपता संपत नाहीत.

बाबा मूळचे साताऱ्याचे. चंडीमंदिरला फौजेतून रिटायर झाले, मग चंडीगडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड अटेंडंट म्हणून लागले आणि पुढे युनियनचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष, झाले. मी फार्मसी अर्धवट सोडली तेव्हा त्यांनीच मला तिथे कॉन्ट्रॅक्टवर चिकटवलं. पहिल्याच दिवशी नियम सांगितला. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही.

माणसंच कमी, रिलीव्हर येणार कुठून? पाळी संपायची, काम चालूच. त्या जादा तासांचा पगारात पत्ता नसायचा. एकदा मी वैतागून घरी फोन केला, मला सोडवायला कुणाला तरी पाठवा म्हणून.

बाबांनी डबा पाठवला.

*

हरप्रीत माझा दोस्त. दोन वॉर्ड सांभाळायला हा एकटा. एकदा मेडिकल सुपरिंटेंडेंट साहेब राउंडला आले. हरप्रीतने त्यांना अडवून विचारलं, एकाला एक्स-रेला न्यायचंय आणि एक सिलेंडर बदलायचाय, आधी काय करू?

साहेब चालता चालता म्हणाले, "जो ज़्यादा सीरियस हो."

"सिलेंडर है जी," हरप्रीत म्हणाला. "बिल्कुल ख़त्म है."

*

युनियनच्या बुजुर्गांना आंदोलन म्हणजे काळी फीत. सेक्टर १७ च्या बाजारातून सॅटिन आणलं, ते धुतल्यावर रंग जाईल का यावर अख्खी मीटिंग गेली. फिती लावून सगळे पुन्हा तेच जादा तास भरायला हजर. महिनाभराने साहेबांनी बाबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरात कुणी गेलं का?

त्या सॅटिनच्या मीटिंगमध्येच एक रिटायर्ड प्रधानजी आम्हा पोरांना सुनवत होते. "हमने डबल-डबल ड्यूटी की है. कभी मुँह नहीं खोला."

"तभी तो अब हमें खोलना पड़ रहा है," मी म्हणालो.

बाबा घरी माझ्याशी बोलेनासे झाले. आईमार्फत मीठ मागायचे.

*

मराठी मंडळात एक देवधर डॉक्टरकाका आहेत, आमच्याच हॉस्पिटलातले. फितींनी काही हललं नाही म्हणून शेवटी संप ठरला, त्याला पाठिंबा द्या म्हटलं तर त्यांनी मला सेवाभावावर भाषण दिलं. पुढे त्यांच्याच आई आमच्या वॉर्डात ॲडमिट झाल्या. काका लालबुंद होऊन आले. आईला बाथरूमला न्यायला माणूस नाही म्हणजे काय? अटेंडंट आहे कुठे?

"तीन वॉर्डांत आहे, काका."

"अरे, मग अजून एक ठेवायला नको का?"

मी खिशातून पाठिंब्याचा कागद आणि पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. सही केली बिचाऱ्यांनी.

*

आता ती सकाळ. पाळी बदलली की कुणी आत जायचं नाही, असं ठरलं होतं. सिस्टर लोक आत होते, म्हणजे पेशंट वाऱ्यावर नव्हते. गेटवर सगळे जमले, माइक लागला, पण पहिलं भाषण करणाऱ्या प्रधानजींचाच, म्हणजे बाबांचाच, पत्ता नाही. मी वर गेलो. बाबा एका पेशंटची ट्रॉली ढकलत होते. रात्रपाळी संपून कितीतरी वेळ झाला होता.

"बाबा, खाली चला."

"रिलीव्हर आला नाही."

"रिलीव्हर संपावर आहे. संप तुम्हीच पुकारलाय."

"ते बरोबर आहे रे. पण हँडओव्हर कुणाला देऊ?"

तोवर प्रशासनाने त्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाही होता, की युनियनचे प्रधान कामावर हजर आहेत. खाली निम्मी माणसं आत जायला निघाली.

मी म्हटलं, द्या मला. बाबांनी एकेक बेड दाखवत सगळा वॉर्ड माझ्या ताब्यात दिला आणि मगच खाली गेले. गेटवरचा आवाज वरपर्यंत आला.

तेवढ्यात साहेब आले, खुशीत. प्रधानांचा मुलगाच संप फोडतोय, त्यांना आणखी काय हवं? मी त्यांना पहिल्या बेडपाशी नेलं आणि सांगायला लागलो. याला एक्स-रे, याचा सिलेंडर बदलायचाय, याला एकटं उठू द्यायचं नाही. साहेब शेवटी डॉक्टरच. हँडओव्हर सुरू झाला की हात मागे बांधून शेवटपर्यंत ऐकायचा, ही त्यांची तरुणपणापासूनची सवय. शेवटच्या बेडपाशी त्यांनी मान डोलावली. आमच्यात मान डोलावली म्हणजे चार्ज घेतला.

"थँक यू, सर," मी म्हणालो आणि निघालो.

दारातून वळून पाहिलं. एका म्हाताऱ्या सरदारजींनी साहेबांची बाही पकडली होती.

"पुत्तर, बाथरूम ले चल."

साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "यहाँ दूसरा आदमी कौन होता है?"

"कोई नहीं होता जी," सरदारजी म्हणाले. "तू ही है."

संध्याकाळी दोन माणसांची ऑर्डर निघाली. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही.