कॉम्प्युटरचा माठ

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर पाण्यात बुडून गेला. दारव्ह्यात, भर मे महिन्यात, नळ कोरडे असताना!

ही गोष्ट मी सहसा कोणाला सांगत नाही. (गरजच पडत नाही. मी कोणत्याही नातेवाइकाकडे गेलो की ती माझ्या आधी तिथे पोचून चहा पीत बसलेली असते.) पण ती नेहमी अर्धवट सांगितली जाते आणि त्यात माझा शास्त्रीय दृष्टिकोन कोणीच लक्षात घेत नाही, म्हणून एकदा मीच सांगून टाकतो.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. दारव्ह्यात कापसाला भाव नसला की कशालाच नसतो. टपरीवर एका चहात दोघं भागवतात, कापडवाला दुपारभर दुकानातच घोरतो आणि लग्नं साधी होतात. माझ्या धाकट्या बहिणीचं, छायाचं लग्न नेमकं त्याच उन्हाळ्यात ठरलं. मुलगा नेरचा, शांत आणि कामसू. दोन्हीकडच्या मंडळींनी ठरवलं, लग्न साधं करायचं आणि होईल तेवढं घरच्या घरी करायचं. मी प्राथमिक शाळेत मास्तर, त्यातून संगणकाचा कोर्स केलेला, त्यातून यवतमाळहून एक जुना कॉम्प्युटर उचलून आणलेला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "पत्रिका माझ्याकडे!"

इथेच चुकलं.

आमचे बाबा तेव्हा नव्हते. बाबा असते तर निमंत्रक म्हणून त्यांचं नाव आलं असतं आणि प्रश्न मिटला असता. आता त्या जागेवर दोन दावेदार होते. एक नेरचे मामा. त्यांनीच हे स्थळ आणलेलं. दुसरे बोरी अरबचे फुपाजी, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, घराण्याचे थोरले जावई. मामांचं नाव वर घेतलं की फुपाजींना भूक लागत नसे. फुपाजींचं वर घेतलं की मामांचा फोन लागत नसे. 'आयु.', म्हणजे आयुष्मान, कोणाच्या नावाआधी मोठ्या अक्षरात, कोणाचं गाव कंसात, कोणाचं कंसाबाहेर, यावर आमच्या बैठकीत इतक्या सभा झाल्या की आईने चहात साखर टाकणंच सोडून दिलं. शेवटी मी दोन्ही नावं एकाच ओळीत घेतली. फुपाजी डावीकडे, कारण वाचणारा डावीकडून सुरुवात करतो. मामा उजवीकडे, पण त्यांच्या नावाजवळ कमळाचं फूल. दोघांनी पडद्यावर नाक टेकवून अक्षरं तपासली आणि दोघंही "चालते" म्हणाले. हा तह त्या कॉम्प्युटरच्या पोटात होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

सगळे गेल्यावर छाया माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, मले शालू नको, दागिना नको," ती म्हणाली. "फक्त माह्या लग्नात भांडण नको. बाबा नाई, तं निदान सारे हसत तं पाह्यजेत ना मांडवात?"

"तू काळजी नको करू," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी ते उकाड्यावर ढकललं.

आता राहिला कॉम्प्युटरचा आवाज. त्याच्या डब्यामागे एक पंखा होता. जसजसं ऊन वाढलं तसतसा तो असा घरघरायला लागला की गल्लीतली कुत्री आमच्या दारासमोरून जाईनाशी झाली.

"कापसाची जिनिंगच बसवली बाप्पा तू घरात!" आई म्हणाली. "मले त्या बातम्यावाल्याचं फक्त तोंड हालताना दिसते."

माझी बायको वंदना म्हणाली, "गावातल्या जिनिंगा बंद पडून राह्यल्या अन् आपल्या घरी चालू झाली. बाहेर बोर्ड लावा."

अशा वेळी आमच्याकडे प्रशांत टपकला. प्रशांत माझा बालमित्र, विम्याचा एजंट. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीची माहिती असते आणि ती तो विम्याच्या हप्त्यासारखी थोडी थोडी, पण न चुकता देतो.

"पंखा काढून फेक," तो म्हणाला. "फॉरेनमधी लोकं कॉम्प्युटर तेलात बुडोवतात. आवाज नाई, गरमी नाई. काचीच्या टाकीत तेल भरायचं अन् द्यायचा सोडून. मी वाचलं हाय."

"तेलात?"

"हाव, तेलात."

"अबे, तेलात भजे सोडतात!" मी ओरडलो. "कोणतं तेल? सरकीचं का जवसाचं? अन् फोडणी कायची देऊ, मोहरीची?"

"हास, हास," प्रशांत शांतपणे म्हणाला. "तेलातून करंट जात नाई. इजेच्या डीपीत, त्या ट्रान्सफॉर्मरमधी, काय असते? तेलच असते ना?"

"डीपीवर कोणी लग्नाची पत्रिका टाइप करते काय?"

आई आतून म्हणाली, "तेलाचा डबा कपाटात हाय अन् किल्ली माह्याजवळ हाय. सांगून ठेवते!"

मी प्रशांतची यथेच्छ टर उडवली. त्याला म्हटलं, आपण सुशिक्षित माणसं, कुठेतरी काहीतरी वाचलं म्हणून विश्वास ठेवू नये. पुरावा मागावा, तपासावा. विज्ञानाच्या तासाला मी पोरांना हेच शिकवतो. हे व्याख्यान देत असताना माझी नजर बैठकीच्या कोपऱ्यावर गेली आणि मला साक्षात्कार झाला.

आमच्या बैठकीच्या त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पाहुण्यांचा माठ असायचा. खाली ओली रेती, तिच्यावर माठ, माठाला ओलं फडकं, वर ताटली, ताटलीवर ग्लास. बाहेर कावळे धापा टाकायचे, पण माठातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार. पंखा नाही, वीज नाही, आवाज तर मुळीच नाही! बाष्पीभवन! चौथीच्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट!

"हे आपलं विज्ञान," मी प्रशांतला म्हणालो. "तुह्या तेलापेक्षा हजारपट बरं."

"कॉम्प्युटर अन् पानी?" प्रशांतने कानाला हात लावले. "गड्या, आधी माह्याकडून पॉलिसी तं काढ."

मी माठ उचलून स्वयंपाकघरात नेला. त्या मुरलेल्या ओल्या रेतीवर कॉम्प्युटरचा डबा उभा केला. त्याला आधी खताच्या पोत्यातली प्लॅस्टिकची पन्नी गुंडाळली (शास्त्रीय दृष्टिकोन!), तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर ओलं धोतर. गरम हवा निघायला माथ्यावर एक भोक ठेवलं. मागच्या पंख्याची वायर काढून टाकली. छायाची पत्रिका आता फ्लॉपीवरही उतरवली होती, ती तापून वितळू नये म्हणून तीही गोणपाटाच्या आणि धोतराच्या मधे गारव्याला ठेवली. इतकी दूरदृष्टी मी आयुष्यात पुन्हा कधी दाखवली नाही.

मग बटण दाबलं. आवाज शून्य! आईने बातम्यांचा आवाज कमी केला. वंदनाने धोतराला हात लावून पाहिला आणि नाइलाजाने म्हणाली, "गार तं लागून राह्यलं बाप्पा." मी प्रशांतला मुद्दाम बोलावून ती शांतता ऐकवली. तो बराच वेळ कान देऊन बसला आणि म्हणाला, "मले हे शांतता काही बरोबर नाई वाटत." मला वाटलं, जळतो आहे.

धूळ पडू नये म्हणून वंदनाने त्या भोकावर तिरपी ताटली ठेवली. आणि हात सवयीचा असतो; ताटलीवर तिने एक ग्लासही ठेवला.

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घेऊन छापखान्यात जायचं होतं. सकाळीच बोरी अरबहून आत्या आणि फुपाजी आले. पत्रिका छापायला जाण्याआधी आपलं नाव अजून डावीकडेच आहे ना, हे फुपाजींना एकदा बघायचं होतं. मी कॉम्प्युटर सुरू केला, पडद्यावर पत्रिका उघडली आणि तेवढ्यात लोडशेडिंग झालं.

"येते आता," मी म्हणालो.

खिडक्यांना उन्हासाठी जाड पडदे लावलेले, त्यात लाइट गेलेली; बैठकीत अंधारगुडुप. मी फुपाजींना हवा खायला बाहेर लिंबाखाली घेऊन गेलो. आई, वंदना आणि छाया स्वयंपाकघरात होत्या. आत्या एकटीच बैठकीत पडली.

आता आत्याविषयी सांगायलाच हवं. माझी आत्या कोणाच्याही घरी पाहुणी म्हणून गेली तरी पाहुणी राहत नाही. सुपात तांदूळ दिसले की निवडते, पोर दिसलं की त्याचं नाक पुसते. आणि या घरात तर ती लहानाची मोठी झाली. त्या कोपऱ्यातला माठ तिने फ्रॉक घालायच्या वयापासून भरला होता. उन्हाळ्यात माठाचं फडकं कोरडं दिसलं आणि आत्याने ते भिजवलं नाही, असं आमच्या घराण्याच्या इतिहासात कधी घडलेलं नाही.

थोड्या वेळाने लाइट आली. आतून 'फट्' असा आवाज झाला. त्यामागून छायाची किंकाळी आली, "दादाऽऽ! माठातून धूर!"

मी धावलो. बैठकीत जळक्या गोणपाटाचा वास सुटला होता. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. रेतीवर तळं साचलं होतं. त्याच्या काठावर आत्या रिकामा गडू घेऊन उभी होती. तिला काही झालं नव्हतं, हे पाहिल्यावर माझ्या जिवात जीव आला आणि लगेच निघूनही गेला.

"फडकं सुकून गेलतं रे," आत्या म्हणाली. "म्या म्हनलं पोरायले येळ नाई, लग्नाची धावपय, आपनच भिजवून द्याव. अन् माठ थोडा रिकामा वाटला, तं वरूनबी ओतलं गडूभर. पन काय रे, लय थोडं पानी मावलं!"

"आत्या, तो माठ नाई! कॉम्प्युटर हाय!"

"मंग त्याले धोतर काहून नेसोवलं?"



तेवढ्यात मामाही आले. चुकीच्या वेळी येणं ही मामांची खासियत. पुढे जे झालं ते पंचायतीच्या निवडणुकीसारखं होतं.

"पत्रिका गेली?" मामा म्हणाले. "जाऊ द्या. पुन्हा लिहू. माहं नाव डावीकडं होतं."

"डावीकडं मी होतो!" फुपाजी गरजले. "तुमच्याजवळ कमळाचं फूल होतं, फूल!"

"फुलाची मले काय गरज? अन् गडू कोनाच्या बायकोनं ओतला?"

"माह्या बायकोले बोलायचं काम नाई!"

मी धोतराच्या घड्या उलगडून फ्लॉपी काढली. तिच्यातून पाण्याचे थेंब गळत होते. प्रशांत (तो कसा आणि कधी आला देव जाणे) ती उन्हाकडे धरून म्हणाला, "तेलात असता ना गड्या, तं वाचला असता." त्या क्षणी मला विमा एजंटाच्या खुनाची शिक्षा किती असते, हे जाणून घ्यावंसं वाटलं.

छाया मधोमध येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज बाबांसारखा आला. "फुपाजी, मामाजी, आता बस. आयका. पत्रिकेवर निमंत्रक म्हनून बाबांचं नाव टाका. स्मृतिशेष लिहा त्यायच्या नावाआधी. खाली लिहा, समस्त परिवार. दुसरं कोनाचंच नाव नको."

फुपाजींनी उपरण्याने तोंड पुसलं. मामा खाली बघत म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राह्यली." फुपाजी म्हणाले, "बाबाच्या वर कोनाचं नाव राहीन? जावयाचंबी नाई." मग त्यांनी मामांना तंबाखू पुढे केली. आत्या रडायला लागली, आई रडायला लागली, म्हणून मीही रडून घेतलं. माझा कॉम्प्युटर गेला होता, मला जास्त हक्क होता.

पत्रिका गावातल्या छापखान्यात छापली. हातात घेतली तेव्हा बाबांचं नाव वर पाहून बरं वाटलं, फार बरं वाटलं. एवढ्या मारामारीनंतर आमच्या घरातली सगळ्यात सुंदर पत्रिका तीच निघाली. फक्त छापायला देताना छायाने मला न विचारता शेवटी एक ओळ वाढवली होती: 'मंडपात माठाच्या गार पाण्याची सोय आहे. व्यवस्था: वधूचा भाऊ.' समस्त परिवारात वेगळा उल्लेख आला तो माझ्या एकट्याचाच, आणि तो असा!

लग्न छान झालं. मंगल गाथा झाल्या, माळा पडल्या, मामा आणि फुपाजी एकाच पंगतीला शेजारी बसून एकमेकांना बुंदी वाढत होते आणि छाया मांडवभर हसत होती. मी चार माठांच्या मधे उभा होतो. बोरी अरबपासून नेरपर्यंतचा प्रत्येक पाहुणा "जय भीम मास्तर" म्हणून आधी माठावर टिचकी मारायचा, कान लावायचा आणि मगच विचारायचा, "पानीच हाय ना यात?"

सुरुवातीला मला राग आला. पण दुपारी मलाच तहान लागली, तेव्हा आजूबाजूला कोणी बघत नाही याची खात्री करून मीही आधी झाकण उचलून आत डोकावलो!