अमावस्येचा अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बार रूममधल्या मैत्रिणींना तर नाहीच — त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत कोर्टासमोरच्या चहावाल्यालाही कळलं असतं. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ दे. कारणं शोधायला लागले की माझ्यातली वकील जागी होते, आणि आज मला तिला बोलू द्यायचं नाहीये.

मी नगरला वकिली करते. फौजदारी. फावल्या वेळात शाळा-कॉलेजांत आणि महिला मंडळांत भाषणंही देते — अंधश्रद्धेवर. हसू नका. चांगली देते. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या सहकाऱ्यांची मी बार रूममध्ये इतकी टिंगल केली आहे की माझी गाडी आली की काही जण मुद्दाम "लिंबू कुठंय?" म्हणून विचारतात.

आणि मी अमावस्येला नवीन काम दाखल करत नाही.

हे कुणाला माहीत नाही. ज्युनिअर असताना पहिला जामीन अर्ज मी नेमका अमावस्येला टाकला होता आणि तो फेटाळला गेला. माझे सीनिअर चष्म्यावरून बघत म्हणाले, "कॅलेंडर बघत जा की पोरी." तेवढंच. पण ते असं काही आत जाऊन बसलं, की पुढे अमावस्या आली की माझं काहीतरी निघायचंच. कधी टायपिंग राहिलेलं असायचं, कधी झेरॉक्सवाला बंद, कधी माझं डोकं दुखत असायचं. खरोखर दुखायचं. माणूस स्वतःशी किती बेमालूम खोटं बोलतो याचा मला चांगलाच अनुभव आहे, फक्त भाषणात तो सांगत नाही.

बघा, मी किती लांबून चाललेय. मुद्द्यावर येते.

भाऊसाहेब नावाचा माझा एक पक्षकार होता. कर्जतकडचा. शिर्डीत एका लॉजच्या काउंटरवर बसायचा. बायको आणि आई गावी. लॉजवर लोक येतात, जातात, कुणाचं पार्सल येतं, कुणाची औषधं येतात — काउंटरवरचा माणूस सही करून ठेवून घेतो. शिर्डीत याला कुणी काम म्हणत नाही, शेजारधर्म म्हणतात. एक गिऱ्हाईक पंधरवडाभर राहिलं. रोज दर्शनाला जायचं, येताना भाऊसाहेबाला प्रसाद आणायचं. त्याने सांगितलं, परदेशातून पावडरीचे डबे येणार आहेत, व्यायामाच्या. मी असेन-नसेन, तुमचंच नाव टाकतो. भाऊसाहेब म्हणाला, टाका की.

डबे मुंबईतच पकडले गेले. केंद्राच्या अधिकाऱ्यांनी कुणाला पत्ता लागू न देता पार्सल पुढे जाऊ दिलं आणि आपलाच माणूस कुरिअरवाला करून पाठवला. भाऊसाहेबाने सवयीने सही केली, वर त्याला "पानी घेता का?" म्हणून विचारलंही. पाणी आणायला वळला तेवढ्यात त्याला धरलं. गिऱ्हाईक कधीच पसार झालेलं होतं. आरोप लागला — परदेशातून अमली पदार्थांची आयात.

तुम्हाला कल्पना नसेल, पण या कायद्यात जामीन म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं आहे. इतर गुन्ह्यांत सरकारने सिद्ध करायचं असतं. इथे पार्सल ज्याच्या नावावर, त्यानेच सांगत बसायचं की बाबांनो, आत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. ते कोर्टाला पटायचं ते खटला संपल्यावर. तोवर आत. या बंद भिंतीला एकच खिडकी असते. तपास यंत्रणेने एकशे ऐंशी दिवसांत दोषारोपपत्र दाखल केलं नाही, तर आरोपीला जामिनावर सुटायचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो, आणि त्यांचं दोषारोपपत्र यायच्या आत मागावा लागतो. एकपानी अर्ज. त्यात युक्तिवाद नाही, काही नाही. मुदत संपली, सोडा.

आणि मुदत संपली. दोषारोपपत्र आलं नाही. त्यांच्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा अहवाल अडकला होता. अशी संधी वकिलाला क्वचितच मिळते. मी दिवस मोजले, परत मोजले. अर्ज टाईप करून बॅगेत ठेवला. भाऊसाहेबाच्या बायकोला — मंदाला — फोन केला की उद्या ये, जामीनदार म्हणून तुझ्या भावाला आण, त्याचा ऐपतीचा दाखला आण.

सकाळी ऑफिसला आले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. काळा गोल.

पुढचं काय सांगू? हसाल, नाही तर चिडाल. मी तर दोन्ही करून झाले आहे. मी स्वतःला म्हटलं, मंदा अजून आलेली नाही, जामीनदार नाही, घाई कशाला? उद्या सकाळी पहिलं काम हेच. प्रयोगशाळेचा अहवाल काय आज येतोय? — त्या अर्जाला जामीनदार लागत नाही. जामीनदार नंतर, हुकूम झाल्यावर. हे मला तेव्हाही माहीत होतं. कायद्याच्या पहिल्या वर्षातल्या पोरालाही माहीत असतं. तरी मी दिवसभर त्या कोर्टाच्या जिन्यावरून चार वेळा गेले असेन, बॅगेत अर्ज घेऊन, आणि आत पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच गेले. क्लार्क म्हणाला, "मॅडम, काल संध्याकाळी कोर्ट उठता उठता त्यांनी दोषारोपपत्र टाकलं की." खिडकी बंद झाली होती.

इथवर ती चूक होती. मूर्खपणा म्हणा. मी जे सांगायला बसलेय, ते याच्या पुढे आहे.

दुपारी मंदा आली. एक दिवस उशिरा. तहसीलला साहेब नव्हते म्हणून दाखला आदल्या दिवशी मिळाला नव्हता. भावाला घेऊन पहिल्या एसटीने निघाली होती आणि ती एसटी मिरजगावजवळ बंद पडली. घामाघूम होऊन आली. दाखला पदरात गुंडाळलेला. मी तिला सांगितलं की आता तो हक्क गेला. मग तिने विचारलं, "कशानं गेला?"

आणि मी म्हणाले, "अगं, तू काल आली असतीस तर —"

एवढंच. वाक्य मी पूर्ण केलं नाही. गंमत बघा — उद्या कुणी शपथेवर विचारलं, तर मी म्हणू शकते की मी खोटं बोललेच नाही. बोलले का? अर्धं वाक्य तिच्यापुढे ठेवलं, उरलेलं तिने पूर्ण केलं. तिथेच खाली बसली, फरशीवर. "माझ्यामुळं गेलं व्हय मॅडम?" मी तिला पाणी दिलं. नाही म्हणाले नाही.

का? घाबरले. ती गावात बोलेल, गावातले नगरला बोलतील, बार कौन्सिलकडे तक्रार जाईल. आणि त्याहून मोठी भीती — अंधश्रद्धेवर भाषणं देणाऱ्या बाईने अमावस्येपायी माणूस आत ठेवला, हे लोक चघळतील. आपली फजिती होऊ नये म्हणून मी दुसऱ्या बाईच्या गळ्यात तिच्या नवऱ्याचा तुरुंगवास बांधला. बाईनेच बाईच्या. महिला मंडळांत याच्यावरही माझं एक भाषण आहे.

त्यानंतर मी जीव तोडून लढले, हे खरं आहे. इथे अर्ज केले, वर अर्ज केले, सगळे फेटाळले गेले. खटला चालला. अधिकाऱ्यांची उलटतपासणी मी अशी घेतली की बाकीचे वकील येऊन मागे उभे राहायचे. तीन वर्षांहून जास्त काळ गेला आणि भाऊसाहेब निर्दोष सुटला. पार्सलमध्ये काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, हे कोर्टाने मानलं. तीन वर्षं! अर्ज वेळेत टाकला असता तर तो ही तीन वर्षं घरून तारखांना आला असता.

दरम्यान त्याची आई गेली. मंदा माझ्या ऑफिसात बसून मला हे सांगायची — मलाच — की सासू तिच्या हातचं पाणी घेत नाही. "माझ्या लेकाला हिनं आत ठिवला," असं आल्यागेल्याला सांगते. शेवटच्या दुखण्यातसुद्धा म्हातारीने शेजारणीला हाक मारली, पण हिच्या हातचा पेला तोंडाला लावला नाही. मंदा हे रडत सांगायची नाही, नेहमीचं काहीतरी सांगावं तसं सांगायची. "त्यांचं बी काय चुकलं मॅडम? माझंच चुकलं." आणि मी? मी मोबाईल बघायचे. मला तिचा संताप यायचा. कशाला इतका विश्वास ठेवते ही बाई? एकदा तरी दुसऱ्या वकिलाला विचारायचं! कुणीही दोन मिनिटांत सांगितलं असतं. एकदा तर मी तिला पक्षकारांसमोर फाडकन बोलले — सारखे फोन करत जाऊ नकोस म्हणून. पुढच्या खेपेला तिने बाजरी आणली, आणि मला आवडतो म्हणून गावरान लसूण. माझ्या स्वयंपाकघरात तिचा लसूण कधी संपत नाही. दर वेळी फोडणी करताना माझा जीव वैतागतो.

सुटल्यावर गावाने सत्कार ठेवला. मला फेटा बांधला. भाऊसाहेब बोलायला उभा राहिला, आणि बायकोकडे बघत हसून म्हणाला, "आमच्या मंडळींची एसटी बंद पडली म्हनून तीन वर्सं गेली, पर मॅडमनी मला भाईर काढला." माणसं हसली. त्याच्या मनात वाईट नव्हतं. घरातली नेहमीची थट्टा असावी तशी तो ती करतो आता. मंदाही हसली, तोंडाला पदर लावून. मग तिने पुढे येऊन माझी ओटी भरली. खण, नारळ, गहू. आणि वाकून पाया पडली. डोक्यावर फेटा, मांडीवर नारळ, अशी मी बसले होते. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? भाऊसाहेब सुटला होता. खटला संपला होता. आता माझं फार तर नाव गेलं असतं. मी नारळ सावरला आणि तिला "सुखी राहा" म्हणाले.

आता शेवटचं, गेल्या महिन्यातलं.

सकाळी ऑफिसला आले तर मंदा पायरीवर बसलेली. ऑफिस उघडायच्या आधीच आली होती. पिशवीत सगळे कागद, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. भाऊसाहेबाचा मोबाईल अटकेच्या दिवशी जप्त झाला होता, तो अजून मुद्देमालात पडून होता. तो परत मिळावा म्हणून अर्ज करायचा होता. मी म्हटलं, अगं, जुनाट मोबाईल, कशाला हवाय? ती म्हणाली, "आत्याबाईंचा, ह्येंच्या आईचा, एक बी फोटू न्हाई घरात. त्येच्यात हाय. भितीला लावावा म्हनते."

मी कागद पुढे ओढले. कॅलेंडर समोरच होतं. काळा गोल. तिनेही बघितला.

"आज आवस हाय," ती म्हणाली. "घरी म्हनत हुते, नको जाऊ. मी म्हनलं, मॅडम असलं काय मानत न्हाईत. आन् पुन्यांदा उशीर नको."

मी अर्ज टाईप केला. तिला घेऊन कोर्टात गेले. तोच जिना. क्लार्कने अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. चहा थंड व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो. ज्युनिअर असतानाच्या त्या अर्जानंतर इतक्या वर्षांत अमावस्येला टाकलेला माझा हा पहिलाच अर्ज, आणि काहीही झालं नाही. पंखा फिरत होता, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. पुढच्या आठवड्यात तो मंजूरही झाला.

जिना उतरताना मंदाने पोच नीट घडी करून पिशवीत ठेवली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, बऱ्याच वर्षांनी मी ते बघत होते.

"बघा मॅडम," ती म्हणाली, "येळंवर आलं की हुतंय काम."

मी म्हणाले, "हो."